पाठकोरे

रजिस्टरं दाबायच्या शिकंज्याचा पेच सैल करून थोरल्याने चाळिसावं रजिस्टर बाहेर काढलं तेव्हा साडेअकरा झाले होते. त्याच वेळी थोरली सून जिना उतरून कारखान्यात आली, ती रिकाम्या हातांनी.

"वर पण नाही," ती म्हणाली. "गाद्या उलट्या केल्या, पोरांची दप्तरं झटकली. नाहीच."

आईने मान वर केली नाही. ती खळीचं पातेलं खरवडत होती. घरातली माणसं तिला तोंडावर आई म्हणत आणि माघारी कात्री. दोन्ही नावं तिला ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं तिला जास्त आवडायचं.

"सापडेल," ती म्हणाली. "कागद आहे तो, कोंबडी नाही पळून जायला."

"आई, चारला खिडकी बंद होते."

"ठाऊक आहे गं. सकाळपासून तीनदा सांगितलंस. घड्याळ मलाही कळतं."

कारखाना म्हणजे घराखालची लांबट खोली. एका भिंतीला कागद कापायचं यंत्र, मधोमध बारा हात लांब टेबल आणि टेबलाच्या दोन्ही अंगांना माणसं. छापखान्यातून सुटे कागद यायचे आणि इथून वह्या, रजिस्टरं, पुस्तकं होऊन जायचे. नवऱ्याच्या माघारी एकतीस वर्षं आईने हे चालवलं, आणि या एकतीस वर्षांत एकही काम दिलेल्या वेळेच्या पुढे गेलं नाही. हे ती स्वतःच सांगायची. दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघण्याइतका वेळ तिला नव्हता.

आणि या घरातली थोरली सून आठ वर्षं ग्रंथालयशास्त्राची पदवी घेत होती. घरी बसून, कामातून वेळ काढून, वर्षाला दोन-दोन पेपर देत. "पुस्तकं बांधायची सोडून पुस्तकं मोजायला शिकतेय," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पहिल्या वर्षी टोचून सांगायची. पाचव्या वर्षापर्यंत सांगता सांगता थोडी थांबायला लागली होती, समोरचा काय म्हणतो ते ऐकायला. एक वर्ष धाकट्या नातवाच्या जन्मात गेलं, एक सासऱ्यांच्या भावाच्या आजारपणात, कारण उशाशी बसायला माणूस लागतं आणि ते माणूस नेहमी थोरलीच असते. विद्यापीठ आठ वर्षं थांबतं, नववं देत नाही. हे आठवं होतं.

उरले होते शेवटचे दोन पेपर. त्यांचा अर्ज आज चारच्या आत द्यायचा होता, आणि सोबत एक प्रमाणपत्र जोडायचं होतं: या बाईने ग्रंथालयात एकशेवीस तास प्रत्यक्ष काम केलं आहे. मूळ कागदच हवा, झेरॉक्स चालत नाही. खाली सही होती म्हाताऱ्या ग्रंथपालांची, आणि ते गेल्या थंडीत वारले होते. दुसरा कागद द्यायला माणूसच उरला नव्हता.

काल दुपारी थोरली टेबलाच्या त्या टोकाला बसून अर्ज भरत होती. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ती उठून गेली, परत आली, अर्ज उचलला आणि फायलीत ठेवला. प्रमाणपत्र त्याच्याखाली असेल असं धरून चालली. आज सकाळी फाईल उघडली तर नव्हतं.

"काल टेबल कुणी पुसलं?" थोरल्याने विचारलं. त्याला ठाऊक होतं कुणी पुसलं ते.

धाकटी सून टेबलाच्या कडेला पुठ्ठे मोजत उभी होती. तिने मोजणं थांबवलं.

"मी पुसलं, भाऊजी. रोज मीच पुसते."

"मग कागद कुठं गेला?"

"फेकला नाही मी काही. पाठकोरे होते ते पेटीत टाकले, बाकीचे कचऱ्यात. तुमच्या घराचाच नियम आहे."

नियम खराच होता, आणि तो आईचा होता. एका बाजूने छापलेला, दुसऱ्या बाजूने कोरा असा कागद या कारखान्यातून कधी रद्दीत जात नसे. टेबलाखाली एक लाकडी पेटी होती, त्यात तो जायचा. मग रजिस्टराच्या पुठ्ठ्याला आतून आधी एक पाठकोरा कागद चिकटायचा, छापील बाजू पुठ्ठ्याकडे, आणि त्यावर चांगल्या कागदाचं अस्तर. पुठ्ठा वाकत नाही, अस्तर फुगत नाही. लोक याला कंजूषपणा म्हणायचे. आई म्हणायची, ज्यांची रजिस्टरं दोन वर्षांत उलतात त्यांनी बोलू नये.

"पेटी बघितली का?" आईने विचारलं.

"सगळी उपसली," थोरली म्हणाली. "एकेक कागद बघितला."

"मग कचऱ्यात गेला," थोरला म्हणाला, "आणि रद्दीवाला सकाळी सातला येऊन गेला. झालं. संपलं." तो धाकटीकडे वळला. "दोन डोळे दिलेत ना? सही दिसत नाही? शिक्का दिसत नाही? डोळे मिटून टेबल पुसतेस का?"

"मी कचऱ्यात काय टाकलं ते मला ठाऊक आहे. त्यात असला कागद नव्हता."

"मग वाऱ्याने नेला?"

धाकटीचे डोळे भरले, पण ती रडली नाही. ती रडत नसे, ती भांडी आपटायची. इथे भांडी नव्हती, म्हणून तिने पुठ्ठ्यांची चवड टेबलावर आपटली.

टेबलाच्या टोकाला वन्सं बसल्या होत्या, आईची नणंद. वय आईपेक्षा सहा वर्षांनी जास्त, काम दोऱ्याला मेण लावायचं, आणि खरं काम सगळ्यांकडे बघत बसायचं. त्यांनी दोरा मेणावरून ओढला आणि काही बोलल्या नाहीत. वन्सं काही बोलत नाहीत याचा अर्थ त्यांच्याकडे बोलायला काहीतरी आहे, हे आईला चाळीस वर्षांत कळून चुकलं होतं.

थोरली स्टुलावर बसली. कुणाकडे न बघता, जणू स्वतःलाच आठवण करून देत होती तशी म्हणाली, "जाड कागद होता. पिवळसर. उजव्या कोपऱ्यात उठावाचा शिक्का होता, शाईचा नाही, दाबून उठवलेला. हाताला लागायचा. मी सारखी त्यावरून बोट फिरवायची."

पातेल्यातला आईचा हात थांबला.

हाताला लागायचा.

काल संध्याकाळी, पाच-सव्वापाचला, तिने पेटीतून एक जाड पिवळसर कागद उचलला होता. बरा दिसला म्हणून वेगळा काढला होता, पुठ्ठ्याला असा जाड कागद दैवाने मिळतो. वर काहीतरी छापलं होतं, बारीक, मुंग्यांची रांग चालल्यासारखं. तिने खळ लावली, छापील बाजू पुठ्ठ्यावर टाकली आणि हाडाच्या पट्टीने घासला. सगळा बसला, एका कोपऱ्यात मात्र फोड राहिली. दोनदा घासली, तीनदा घासली. मग ती मोठ्याने म्हणाली होती, "मर मेल्या, बसायचं तर बस," आणि वरून अस्तर लावून मोकळी झाली होती.

कुठल्या रजिस्टराला? ते काही आठवेना. चाळीस रजिस्टरं, ऐंशी पुठ्ठे, आणि काल रात्रभर सगळे शिकंज्यात.

तिने वर बघितलं. वन्सं तिच्याकडे बघत होत्या. दोऱ्याकडे नाही, मेणाकडे नाही, तिच्याकडे.

आईने नजर काढून घेतली आणि पातेलं पुन्हा खरवडायला लागली. त्यात खरवडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिला तेव्हा काय वाटलं ते लपवून उपयोग नाही. तिला वाटलं, रद्दीवाला आहे. तो सकाळी सातला आला, गेला, त्याला कोण विचारायला जातंय? आणि दोन वाजता टेंपो येईल, दवाखान्याची चाळीस रजिस्टरं घेऊन जाईल, आणि तो कागद कुठल्याशा कपाटात वीस वर्षं आजाऱ्यांची नावं छातीशी धरून बसेल. कुणाला कधी कळणार नाही. आणि तिने उभा जन्म जे सांगितलं, गिऱ्हाइकाला, सुनांना, मेलेल्या नवऱ्याला, की माझ्या हाताखालून न वाचलेला कागद जात नाही, ते तसंच उभं राहील.

"तरी मी सांगत होतो," थोरला अजून धाकटीच्या मागे होता. "टेबलाचं काम तुला देऊ नका. लग्नाला चार वर्षं झाली तरी हिला चौपानी आणि आठपानी कळत नाही."

"तुमच्या भावाला येऊ द्या गावाहून, मग बोला हे," धाकटी म्हणाली.

"त्याला काय सांगतेस? तो तुझ्यासमोर..."

"पुरे," थोरली म्हणाली.

ती एवढ्या हळू म्हणाली की थोरला गप्प बसला. चार महिन्यांपूर्वीच्या दिवाणखान्याच्या भांडणापासून, म्हणजे वरची पुढची खोली कुणी घ्यायची यावरून जे झालं तेव्हापासून, दोघी जावा एकमेकींशी मीठ द्या आणि दार लावा एवढंच बोलत होत्या. आता थोरली उठली आणि धाकटीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"तिला बोलू नका. कागद टेबलावर मी ठेवला. आठ वर्षं मी माझे कागद जिथे ठेवू नयेत तिथेच ठेवत आले, कारण अभ्यासाला माझी जागाच नव्हती. अर्ज खळीच्या पातेल्याशेजारी भरला. दोष असला तर माझा आहे."

"ताई, खरंच मी नाही टाकला," धाकटी म्हणाली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा ताई म्हणाली.

"माहितीये मला."

मग थोरलीने जे केलं ते आईला आयुष्यभर पुरेल. तिने खुंटीवरचं कामाचं एप्रन काढलं, गळ्यात घातलं, अर्ज घडी करून खणात ठेवला आणि टेबलाशी बसली. सुई उचलली. वन्संकडे हात पुढे करून म्हणाली, "आत्या, दोरा द्या. जाऊ दे. होतं असं. नवे कागद येणारच ना संध्याकाळी छापखान्यातून, ते तरी मार्गी लावू."

ती आवाज चढवून बोलली असती, तिने काही आपटलं असतं, नवऱ्याला चार शब्द सुनावले असते, तर आई गप्प राहू शकली असती. आवाजाला उत्तर देणं तिला येत होतं. असं सुई घेऊन बसलेल्या माणसाला उत्तर नसतं.

"टेंपोवाल्याला फोन कर," आई म्हणाली. "दोनला येऊ नको म्हणावं. सहाला ये."

थोरल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "का?"

"रजिस्टरं फोडायचीत."

कारखान्यात यंत्र बंद होतं, तरीही यंत्र बंद पडल्यासारखं झालं.

"मी लावला तो," आई म्हणाली. पातेलं तिने बाजूला ठेवलं. "पुठ्ठ्याला. काल संध्याकाळी. जाड होता, बरा वाटला."

"तू?" थोरला म्हणाला. "अगं पण... वर लिहिलेलं असेल ना सगळं. तू वाचला नाहीस?"

"नाही वाचला."

सगळे आ वासून तिच्याकडे बघत राहिले. मग आईलाच ते सोसलं नाही.

"आता काय गावभर दवंडी पिटायची? नाही वाचला म्हणून सांगितलं ना! तोंडं बंद करा सगळ्यांनी, माश्या शिरतील."

"मी वाटच बघत होते," वन्सं म्हणाल्या.

आई त्यांच्याकडे गर्रकन वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असणार? मला तर तुमच्यापेक्षाही कमी येतं वाचता. पण तुम्ही काल त्या फोडीला शिव्या देत होतात तेव्हा मी इथेच होते. आत्ता तिने शिक्क्याचं सांगितलं आणि तुमचा हात थांबला. म्हटलं बघू, वहिनी किती वेळ घेतात."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"तर मी सांगितलं असतं. पण मग तुम्ही मला या घरात जगू दिलं असतं का?"

धाकटी हसली. हसू नये अशा वेळी हसली, आणि तिच्या हसण्याने थोरलीही हसली, हातातली सुई तशीच धरून, आणि हसता हसता तिला रडू आलं. आई म्हणाली, "हे सगळं नंतर. आधी गरम पाणी आणा."

थोरल्याने शेवटचा प्रयत्न केला. "आई, एकतीस वर्षांत आपला माल उशिरा गेला नाही. तूच सांगतेस. दवाखान्याला मी काय तोंड दाखवू?"

"माझं दाखव. शब्द मी दिला होता, मोडायचा अधिकारही माझाच. आणि आज सहाला जाईल म्हटलंय ना? सहा म्हणजे आजच. उशिरा नव्हे, सावकाश."

पण ऐंशी पुठ्ठ्यांतला कुठला? सगळे फोडले तर चाळीसच्या चाळीस वाया. थोरलीने एका पुठ्ठ्याच्या आत तळवा फिरवला. काही कळेना. धाकटीने नखाने टोकरून बघितलं. थोरला म्हणाला, रात्रभर एवढ्या वजनाखाली होतं, शिक्का सपाट झाला असणार.

"सरका," आई म्हणाली.

तिने गरम पाण्यात हात बुडवले, कोरडे पुसले आणि पहिलं रजिस्टर उघडून अंगठा अस्तराच्या कोपऱ्यात टेकवला. दाबला नाही. आजारी मुलाच्या कपाळाला लावतात तसा नुसता ठेवला आणि सरकवला. मग दुसरा पुठ्ठा. मग दुसरं रजिस्टर. थोरली उघडून समोर धरायची, धाकटी बघून झालेलं उचलून मागे ठेवायची. दोघींचे हात आपोआप एका लयीत पडले.

बाराव्याला अंगठा अडला.

"हे बघ," आई म्हणाली. थोरल्याने पातं घातलं, अस्तर सोलून काढलं. आत खळीची गुठळी निघाली, मुगाएवढी.

"ही खळ कुणी घोटली होती?" आईने विचारलं.

"तुम्हीच," वन्सं म्हणाल्या.

"मग चांगलीच घोटली असेल. पुढचं."

वीस झाली. पंचवीस झाली. बारा वाजून गेले. आईच्या अंगठ्याची कातडी पाण्याने आणि घासण्याने जागी झाली होती, तिला आता कागदाचा रवा न रवा लागत होता, आणि त्याबरोबर एक भीतीही वर येत होती: नसलाच तर? तिची आठवणच चुकली असली, आणि खरंच रद्दीवाल्याने नेला असला तर? मग नाकही गेलं आणि कागदही.

एकतिसावं. मागचा पुठ्ठा. उजवा कोपरा.

गोल होतं. फार नाही, केसाएवढं वर. पण गोल. आणि आत बारीक दाते, घड्याळाच्या चाकासारखे.

तिने थोरलीचा हात धरला आणि तिचं बोट तिथे टेकवलं. थोरलीने डोळे मिटले. ते बोट तिथे आठ महिने फिरलेलं होतं. त्याला ओळख सांगावी लागली नाही.

"हाच," थोरली म्हणाली.

मग खरं काम सुरू झालं. ओलं फडकं अस्तरावर पसरायचं, थांबायचं, उचलायचं, पुन्हा पसरायचं. थोरला पलीकडे केटलीची वाफ धरून उभा होता. चांगल्या कागदाचं अस्तर सुटलं. खाली पिवळसर पाठ दिसली, कोरी.

"हे बाटलीतल्या डिंकाने चिकटवलं असतं," आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जो तू मागच्या महिन्यात आणायला निघाला होतास, तर आता काय केलं असतंस?"

"बरं बाई, जिंकलीस."

"जिंकायला मी काय पत्ते खेळतेय? वाफ सरळ धर."

आता कागद पुठ्ठ्यापासून सोडवायचा. छापील बाजू आत, सही आत. आईने हाडाची पट्टी थोरलीपुढे धरली. "घे. तुझा कागद आहे."

थोरलीने पट्टी घेतली, आणि लगेच परत दिली. "माझ्याने नाही होणार. तुम्हीच करा, आई."

"मीच चिकटवला, आणि मलाच सांगतेस?"

"म्हणून तर."

आईने पट्टी कोपऱ्यातून आत सरकवली. वीस वर्षांपूर्वी तिने असंच एका वकिलाचं मृत्युपत्र सोडवलं होतं, पण तेव्हा तिला वकिलाचं काही वाटत नव्हतं. आता प्रत्येक बोटभर अंतराला ती थांबत होती. डावीकडे वरचा एक तुकडा फाटून पुठ्ठ्यालाच राहिला. विद्यापीठाच्या नावातली दोन अक्षरं गेली. ती पुढे सरकली. ओळी आल्या. तारीख आली. शेवटी सही आली, निळ्या बॉलपेनची, जशीच्या तशी, म्हाताऱ्या माणसाची वाकडी, लांब शेपटीची सही.

धाकटीने टाळी वाजवली. थोरला केटली ठेवायला विसरला. आईचा जीव भांड्यात पडला, पण ती म्हणाली एवढंच, "टीपकागद आणा. उभ्या काय राहिल्यात?"

टीपकागदात घालून, वरून कोमट इस्त्री फिरवून, कागद वाळेपर्यंत अडीच वाजले. आईने तेवढ्यात हातपाय धुतले, केस विंचरले आणि चपला घातल्या.

"तुम्ही कुठं?" थोरलीने विचारलं.

"तुझ्याबरोबर. असला फाटका कागद घेऊन एकटी जाशील, खिडकीतला माणूस डोळे वटारेल आणि तू 'बरं' म्हणून परत येशील. ओळखते मी तुला."

खिडकीतल्या माणसाने खरंच डोळे वटारले. तो तरुण होता, दाढी नीट कापलेली, टेबलावर चहाचा गार झालेला कप. बाहेर रांग होती, त्यात त्यांचे पाऊण तास गेले. त्याने कागद दोन बोटांनी उचलला.

"हे काय आहे?"

"प्रमाणपत्र," थोरली म्हणाली.

"ते दिसतंय. हे असं का झालंय? फाटलंय. आणि वास कसला येतोय, पिठाचा?"

"मैद्याचा," आई म्हणाली.

त्याने आईकडे बघितलं, मग पुन्हा थोरलीकडे. "असा कागद मी असाच घेऊ शकत नाही. मूळ कागद खराब झाला असेल तर सोबत लेखी कारण लागतं. ज्याच्या हातून झाला त्याचं, त्याच्या अक्षरात, सहीसह. हा कोरा कागद घ्या आणि लिहा."

थोरलीने पेन काढलं.

"तिच्या हातून नाही झालेला," आई म्हणाली. "माझ्या हातून झालाय."

"आई, राहू द्या, मी लिहिते. काय फरक पडतो?"

"त्याने ज्याच्या हातून झाला त्याचं सांगितलं. पेन इकडे दे."

तिसरीपर्यंत शाळा. त्यानंतर पावत्यांवर सही, रजिस्टरांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत गिऱ्हाइकाचं नाव, आणि मुलगा दूर शिकायला होता तेव्हा त्याला दोन पत्रं. एवढंच काय ते आईने लिहिलं होतं. ती खिडकीच्या फळीवर वाकली. अक्षरं मोठी काढली, एकेक, विटा रचल्यासारखी. रांगेतला मागचा माणूस खाकरला. आईने मागे वळून त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो पुन्हा खाकरला नाही. भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होते, मग आठ. थोरली शेजारी उभी होती. ती डोकावली नाही.

कारकुनाने कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागला: "हा कागद मी पुठ्ठ्याला चिकटवला. न वाचता चिकटवला. सून शोधत होती तेव्हा मी थोडा वेळ..."

"मनात वाचा की," आई म्हणाली. "मी लिहिलंय, मला ठाऊक आहे काय लिहिलंय ते."

त्याने मनात वाचलं. वाचताना त्याची भुवई एकदा वर गेली. "हे शेवटचं लागत नव्हतं, आजी. फक्त कारण लागतं."

"असू द्या."

"ठीक आहे." त्याने तो कागद अर्जाला टाचला, प्रमाणपत्रही टाचलं, वर शिक्का मारला, वहीत क्रमांक लिहिला आणि पावती फाडून खिडकीतून बाहेर सरकवली. "परीक्षा बावीस दिवसांनी. केंद्र हेच. पुढे."

पुढे. एवढंच. आठ वर्षांचं काम त्याने एका शब्दात बाजूला सरकवलं आणि मागच्या माणसाचा कागद हातात घेतला. थोरली पावती धरून पायऱ्यांवर आली आणि तिथेच बसली. तिचा चेहरा, खूप ओझं उतरवून ठेवल्यावर माणसाला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, तसा झाला होता.

"काय लिहिलंत शेवटी?" तिने विचारलं.

"तुला काय करायचंय? ते विद्यापीठाचं आणि माझं आहे." आईने पदराने तोंड पुसलं. "चल, बस येईल. दोन रजिस्टरं पुन्हा बांधायचीत सहाच्या आत."

थोरली उठली नाही.

"आई, आज मी कामाला येत नाही. इथल्या वाचनालयात सहापर्यंत बसता येतं. मी तिथे बसते."

आठ वर्षं ती विचारत आली होती: बसू का थोडा वेळ? हे झाल्यावर बसू का? पोरं झोपली की बसू का? आज तिने विचारलं नव्हतं. आईच्या ओठांवर चार उत्तरं आली, चारही धारदार, चारही आधी कधी ना कधी वापरलेली. ती चारही तिने गिळली. त्यांची चव काही चांगली नव्हती.

"बस की," ती म्हणाली. "मी काय तुझा पाय बांधून ठेवलाय? आणि उपाशी बसू नकोस, समोर काहीतरी मिळत असेल ते खा." ती चार पावलं गेली आणि वळली. "उद्यापासून वरच्या पुढच्या खोलीत बस. ती खोली कुणाची यावर भांडण आहे ना? मग अभ्यास होईपर्यंत ती कुणाचीच नाही."

साडेचारला ती कारखान्यात शिरली तेव्हा तिघेही टेबलाशी बसलेले होते आणि तिघांनीही काम थांबवलं.

"झालं?" धाकटीने विचारलं.

"झालं."

थोरल्याने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचं कातरण उडालं. वन्सं म्हणाल्या, "मग मी थोडी पडते. सकाळपासून तुमच्यावर लक्ष ठेवून डोळे दुखले."

"आणि ती कुठाय?" थोरल्याने विचारलं.

"अभ्यासाला बसलीय. सहानंतर येईल. तिच्या वाटणीचं मी करते." आईने एप्रन बांधलं, फोडलेलं रजिस्टर पुढे ओढलं आणि मेण लावलेला दोरा उचलला. सुई हातात घेतली. दोरा एकदा नेला, दुसऱ्यांदा नेला, तिसऱ्यांदा तो भलतीकडेच गेला. एरवी ती पाठ करून, उजेड चांगला नाही म्हणत, खिडकीशी गेली असती आणि तिथे कुणाला न दिसेल अशी झगडत राहिली असती.

तिने सुई आणि दोरा टेबलावर धाकटीपुढे ठेवला.

"ओवून दे गं," ती म्हणाली. "मला बारीक दिसत नाही. दोन वर्षं झाली."